रोबोटला जात नसते, गेटला असते

नाशिकरोडच्या बिटको चौकात पहाटे साडेपाचला उभे राहिले की हे शहर कोणाच्या मनगटावर चालते ते समजते. देवळालीगाव, विहितगाव, जेलरोड, सिन्नरफाटा इथल्या वस्त्यांतली पोरे डब्याची पिशवी हातात घेऊन बसची वाट पाहत असतात. कोणी सातपूरला जाणारा, कोणी अंबडला, कोणी सिन्नरच्या मुसळगावला, तर कोणी थेट गोंद्याला. यांच्यापैकी अनेकांचे बाप याच चौकातून चालत प्रेसमध्ये कामाला जात असत. बापाच्या खिशात सरकारी ओळखपत्र होते. पोराच्या गळ्यात ठेकेदाराचा पास आहे. बापाच्या ओळखपत्रापासून पोराच्या पासापर्यंत आपला समाज कसा आला, हे समजून घेतल्याशिवाय उद्याच्या लढाईची दिशा ठरणार नाही, असे आम्हाला वाटते.

इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ सालची आणि करन्सी नोट प्रेस १९२८ सालची. नोटा, तिकिटे, मुद्रांक, पासपोर्ट छापणाऱ्या या कारखान्यांनी नाशिकरोड वसवले. केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा राखण्याचा आदेश १९४३ साली निघाला, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या आदेशाची आणि पुढे संविधानाने दिलेल्या आरक्षणाची फळे आपल्या वस्त्यांनी चाखली. प्रेसच्या पगारावर पक्की घरे उभी राहिली, मुले-मुली पदवीधर झाली, विहारे बांधली गेली, मोर्च्यांची वर्गणी निघाली. प्रेसमध्येही यंत्रे आली. पूर्वी हाताने होणारे मोजणीचे, तपासणीचे काम यंत्राकडे गेले. पण भरतीच्या टेबलावर रोस्टरची वही होती, आणि ती वही आपल्या बाजूने बोलत होती.

आता सातपूरकडे वळू. महिंद्र अँड महिंद्रचा मोटारींचा कारखाना तिथे आहे. २००२ साली देशभर गाजलेली स्कॉर्पिओ इथूनच बाहेर पडली. २००७ साली लोगनही इथेच जुळली. इगतपुरीला इंजिने, सातपूरला बॉशची नोझल आणि इंजेक्टर, सिएटचे टायर, आणि त्यांच्या भोवती अंबड-सिन्नरपर्यंत पसरलेले शेकडो छोटे-मोठे व्हेंडर. नाशिक जिल्ह्याचा फार मोठा हिस्सा आज मोटारीवर जगतो. म्हणून मोटार कशी बनते हे आपल्या वाचकांनी नीट जाणून घेतले पाहिजे. यंत्र ज्याला कळत नाही त्याला मालकही कळत नाही.

आधुनिक कारखान्यात मोटारीचा जन्म पोलादाच्या गुंडाळीतून होतो. गुंडाळी उलगडून पत्रा कापला जातो आणि एकामागे एक उभ्या असलेल्या अवाढव्य प्रेसखाली जातो. पहिला प्रेस पत्र्याला आकार देतो, पुढचे कडा छाटतात, भोके पाडतात, दुमड घालतात. दरवाजा, बॉनेट, छत असे एकेक अंग काही सेकंदांत तयार होते. एका प्रेसखालून दुसऱ्या प्रेसखाली पत्रा नेण्याचे काम पूर्वी माणसे करीत. आज मोठ्या कारखान्यांत ते यांत्रिक हात करतात.

मग येतो बॉडी शॉप. इथे ठिणग्यांचा पाऊस असतो आणि माणसे तुरळक. सहा सांध्यांचे यांत्रिक हात जिगमध्ये पकडलेल्या पत्र्यांभोवती फिरतात. तांब्याच्या दोन टोकांत पत्रे दाबायचे, क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह सोडायचा, की पत्रे त्या ठिकाणी वितळून एकजीव होतात. यालाच स्पॉट वेल्डिंग म्हणतात. एका मोटारीच्या सांगाड्यावर असे काही हजार स्पॉट पडतात. त्यातला प्रत्येक स्पॉट ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या दाबाने. यांत्रिक हाताला कंबरदुखी नाही, रात्रपाळीची झोप नाही.

पुढे पेंट शॉप. आख्खा सांगाडा टाक्यांतून बुडवून काढतात. आधी तेल-ओशट धुतले जाते, मग फॉस्फेटचा थर, मग विजेच्या भाराने कानाकोपऱ्यात ओढून बसवलेला पहिला रंग, मग भट्टी. त्यावर प्राइमर, रंग आणि चकाकीचा थर यांत्रिक हात फवारतात. पूर्वी हे फवारे मारणाऱ्या कामगाराच्या छातीत तो रंग जात असे. आज ते काम यंत्राकडे गेले असेल तर आम्ही त्याबद्दल अश्रू ढाळणार नाही.

शेवटी असेंब्ली. इथे मात्र चित्र पालटते. वायरींचा जुडगा मऊ असतो, वळतो, अडकतो. तो डॅशबोर्डमागे बसवायला माणसाचीच बोटे लागतात. गालिचे, रबरी पट्ट्या, नळ्या, आसने यांतले बरेचसे काम आजही हातानेच होते. २०१८ साली अमेरिकेत टेस्लाच्या एलॉन मस्क यांनी आपण यांत्रिकीकरणाचा अतिरेक केला, ती चूक होती, अशी जाहीर कबुली दिली. जगातल्या अतिश्रीमंत माणसालाही माणसाच्या बोटांपुढे नमते घ्यावे लागले! याच टप्प्यावर खालून इंजिन आणि चाकांचा सांगाडा येतो, वरून बॉडी उतरते आणि दोन्ही बोल्टने जखडतात. कारखान्याच्या भाषेत याला ‘मॅरेज’ म्हणतात. या लग्नात कोणी कुळ विचारत नाही, पत्रिका बघत नाही. माप जुळले की झाले. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये आंतरजातीय विवाह हा जातिनाशाचा खरा उपाय सांगितला. लोखंडाला जे साधले ते माणसाला अजून साधत नाही.

मोटार बनण्याची ही कहाणी आम्ही सविस्तर सांगितली, कारण आपल्यातच काही मंडळी यंत्राच्या नावाने बोटे मोडताना दिसतात. रोबोट आला, पोरांच्या पोटावर पाय आला, असे सरसकट बोलले जाते. ही भाषा आपली नव्हे. चरख्याचे आणि खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांची ती भाषा आहे. ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांप्रति काय केले?’ या १९४५ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी त्या विचाराचा खरपूस समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : यंत्रामुळे माणसाला पशूसारखे राबण्यातून सुटका मिळते आणि फुरसत मिळते. फुरसत मिळाली तरच माणूस संस्कृती घडवू शकतो. यंत्रामुळे काही अनर्थ होत असतील तर दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजव्यवस्थेचा आहे. ज्यांच्या पूर्वजांनी मेलेली जनावरे ओढली, ज्यांच्या आयांनी डोक्यावर मैला वाहिला, त्यांनी यंत्राचे स्वागतच केले पाहिजे.

जगातला पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात उभा राहिला. त्याला दिलेले काम कोणते? साच्यातून निघालेले तापलेले धातूचे तुकडे उचलण्याचे. म्हणजे माणसाचे हात भाजतील असे काम यंत्राने घेतले. याला आम्ही प्रगती म्हणतो. मग आमचा सवाल असा की हीच प्रगती आपल्या गटारात का उतरली नाही? मोटारीच्या दरवाजाला स्पॉट मारायला करोडोंचा यांत्रिक हात आणला जातो. आणि मॅनहोलमध्ये उतरायला मात्र आपला भाऊ दोरीला बांधून सोडला जातो. मैला साफ करायला माणूस लावण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली तीच रक्कम ३० लाखांवर नेली. मॅनहोल साफ करणारा यंत्रमानवही २०१८ साली केरळमध्ये कामाला लागला. यंत्र आहे, कायदा आहे, न्यायालयाचा निकाल आहे. तरी माणसे उतरतात आणि मरतात.

याचे कारण उघड आहे. यंत्र कुठे येते हे अभियांत्रिकीवर ठरत नाही. हाताची किंमत किती, यावर ते ठरते. आणि या देशात हाताची किंमत जात ठरवते. ज्याचा जीव स्वस्त त्याच्यासाठी यंत्र महाग! हे सूत्र एकदा ध्यानात घेतले की कारखान्यातलीही अनेक कोडी सुटतात.

मोटारीच्या मुख्य कारखान्यात प्रेसला प्रकाशाचे पडदे असतात. हात आत गेला की यंत्र थांबते. पण त्याच मोटारीचा एखादा कंस, एखादी पट्टी दूर कुठल्या तरी शेडमध्ये, जुन्या पॉवर प्रेसवर बनते. तिथे तो पडदा नसतो, असला तर उत्पादन वाढावे म्हणून बंद करून ठेवलेला असतो. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९पासून ‘क्रश्ड’ नावाने अहवाल काढते. हरियाणा, महाराष्ट्रातल्या मोटार-पुरवठादार कारखान्यांत बोटे आणि हात गमावलेल्या कामगारांची हकीकत त्यात आहे. त्यात कंत्राटी आणि बाहेरगावाहून आलेली तरुण पोरे मोठ्या संख्येने आहेत. वरच्या मजल्यावर रोबोट आणि तळघरात तुटलेली बोटे, अशी ही इमारत आहे. मोटारीच्या जाहिरातीत वरचा मजला दिसतो. चातुर्वर्ण्याच्या बिनशिडीच्या इमारतीत राहिलेल्या समाजाला ही रचना नवी नाही.

आमच्या ओळखीतला जेलरोडचा एक मुलगा. आयटीआय फिटर, हुशार. एका मोटार कारखान्याच्या लाइनवर तो तीन वर्षे उभा राहिला. तीन वर्षांत तीन ठेकेदार बदलले, काम तेच राहिले. दर काही महिन्यांनी ब्रेक. एकदा त्याच्या समोरच्या गाडीत बोल्ट नीट बसला नाही. लाइन थांबवण्याची दोरी डोक्यावर होती. जपानच्या टोयोटाने रूढ केलेली ही पद्धत : दोष दिसला तर साध्यातल्या साध्या कामगाराने दोरी ओढावी आणि आख्खी लाइन थांबवावी. त्या मुलाने दोरी ओढली नाही. का? तर म्हणाला, ‘काका, पर्मनंट माणसाने ओढली तर शाबासकी मिळते. आम्ही ओढली तर दुसऱ्या दिवशी गेटवर पास चालत नाही.’ लोकशाहीचा केवढा मोठा धडा या एका वाक्यात आहे! हक्क भिंतीवर लिहिलेला असून चालत नाही. तो वापरणाऱ्याच्या पायाखाली जमीन असावी लागते.

हा अनुभव आजचा वाटला तरी त्याची मुळे जुनी आहेत. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यात सूत भरताना ते तोंडाने ओढावे लागे, आणि आपल्या माणसाचे तोंड लागलेला धोटा स्पृश्य कामगाराला नको होता. पगार मात्र त्याच खात्यात जास्त! १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. पुढे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला, जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरची जागाही त्याला मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्याला घरात घेता येत नाही. हे वास्तव बाबासाहेबांनी तिथे उघडे केले. आणि या देशातल्या कामगारांचे शत्रू दोन आहेत, एक ब्राह्मणशाही आणि दुसरा भांडवलशाही, हे त्यांनी तिथेच बजावले. बंधूंनो, मनमाडहून नाशिकरोड रेल्वेने फार लांब नाही. पण मनमाडचा तो विचार आपल्या युनियनांच्या ऑफिसांपर्यंत अजून पोहोचायचा आहे.

कोणी म्हणेल, आता ते दिवस गेले. खाजगी कंपनी गुणवत्ता बघते, जात बघत नाही. यावर आम्ही डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाकडे बोट दाखवतो. त्यांनी वर्तमानपत्रातल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांशच भरली. मुलाखत नाही, परीक्षा नाही, केवळ आडनाव! रोबोटच्या डोळ्याला आडनाव वाचता येत नाही. ते गेटवरच्या माणसाला वाचता येते.

खाउजा धोरणाने आपल्याला इथेच गाठले. सरकारी नोकऱ्या आटल्या, प्रेसही २००६ साली महामंडळाकडे गेली, आणि वाढ झाली ती अशा क्षेत्रात, जिथे रोस्टरची वही नाही. २००४ साली संयुक्त पुरोगामी आघाडीने किमान समान कार्यक्रमात खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणावर उद्योगपतींशी बोलणी करू, असे लिहून दिले. २००६ साली उद्योगपतींच्या संघटनांनी स्वेच्छेने पावले उचलण्याची संहिता पुढे केली. स्वेच्छेने! काळाराम मंदिराचे दरवाजे स्वेच्छेने उघडले असते तर २ मार्च १९३० रोजी आपल्या लोकांना सत्याग्रहाला बसावे लागले नसते. दादासाहेब गायकवाडांच्या जिल्ह्याला हे दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही.

आता यंत्राने दिलेल्या फुरसतीचे काय झाले तेही पाहू. १९१३ साली हेन्री फोर्डने सरकती लाइन आणली. एका मोटारीचा सांगाडा जुळवायला लागणारे साडेबारा तास थोड्याच काळात सुमारे दीड तासावर आले. पण कामगार कंटाळून पळू लागले. तेव्हा १९१४ साली फोर्डला दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर करावी लागली. आपल्याकडे १९४६ साली कारखाना कायद्यात आठवड्याचे ५४ तास ४८ झाले, त्यामागे मजूरमंत्री बाबासाहेबांची मेहनत होती. यंत्र वाढले की तास घटले पाहिजेत, हा न्याय आहे. आणि आज? सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले जाते. ज्या पोराला दोरी ओढायची भीती वाटते तो संमतीपत्रावर ‘नाही’ लिहील काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. यांत्रिक हात वाढत आहेत, तास वाढत आहेत आणि नोकरीची हमी घटत आहे. तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतील तर फुरसत कोणाच्या घरी गेली, हे वेगळे सांगायला नको.

यात आणखी एक वळण आहे. विजेवरच्या मोटारीला इंजिन लागत नाही, नोझल लागत नाही, इंजेक्टर लागत नाही. नाशिकच्या कित्येक शेडमधली कामे डिझेल इंजिनावर उभी आहेत. उद्या ती कामे आटली तर सर्वांत आधी ठेकेदाराचा पास गळ्यातून उतरेल, आणि तो पास कोणाच्या गळ्यात आहे हे आपण बिटको चौकात पाहिले आहे. नवी कामे येतील ती बॅटरीची, सेन्सरची, रोबोटला शिकवण्याची आणि दुरुस्त करण्याची. त्या कामांच्या दारात आपली पोरे आज उभी नसतील, तर उद्या आपण पुन्हा धोट्यापासून दूरच असू.

म्हणून केवळ निषेधाचे ठराव करून भागणार नाही. हातात असलेली हत्यारे आधी वापरली पाहिजेत. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात ३-अ हे कलम आहे. त्यानुसार शिकाऊ उमेदवारांच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखायच्या असतात, आणि हा कायदा खाजगी कारखान्यालाही लागू आहे. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. आपल्या किती संघटनांनी सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांचा हा हिशेब मागितला? कंपनीला माहितीचा अधिकार लागू नसेल, पण शिकाऊ उमेदवारीचे सरकारी कार्यालय त्या अधिकाराच्या कक्षेत येते. दहा रुपयांच्या अर्जाने सुरुवात करता येते. जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या खर्चात असे किती अर्ज होतील याचा विचार तरुणांनी करावा.

दुसरे, एमआयडीसीची जमीन शेतकऱ्याची आणि सवलती जनतेच्या पैशाच्या. सवलत घेणाऱ्या उद्योगाने स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या द्याव्यात, अशी अट महाराष्ट्र सरकार घालू शकते. मग त्याच कागदावर सामाजिक प्रतिनिधित्वाची अट घालायला शाई संपते काय? तिसरे, आपल्या विहारांतून स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांच्या शेजारी रोबोट चालवण्याचे, पीएलसीचे, वायरिंग नकाशे वाचण्याचे वर्गही सुरू व्हावेत. प्रेसमधून निवृत्त झालेले आपले कितीतरी कसबी तंत्रज्ञ घरी बसून आहेत. त्यांच्या हातातले ज्ञान वस्तीतच राहू द्या. चौथे, कायम आणि कंत्राटी यांना वेगवेगळ्या पंगतीत बसवणारी युनियन बदलली पाहिजे. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी सांगितले. ठेकेदारीने तीच विभागणी पासाच्या रंगात उतरवली आहे. ती जी युनियन मोडणार नाही, तिला आपण आपली का म्हणावे?

यंत्राला घाबरणाऱ्यांचा हा समाज नव्हे. रोबोट आपल्या ताटातली भाकरी नेत नाही. भाकरी अडते ती गेटवर, जिथे आडनाव वाचले जाते, पास दिला जातो आणि पास काढून घेतला जातो. आपल्या आजोबांनी काळारामाच्या दारात ठाण मांडले, कारण त्या दारावर माणुसकीची कसोटी होती. आज ती कसोटी कारखान्याच्या गेटवर आहे. उद्या पहाटे बिटको चौकात बसची वाट पाहणाऱ्या पोराला डोक्यावरची दोरी न घाबरता ओढता आली पाहिजे. ती ओढता येईल असे बळ त्याच्यामागे उभे करणे, हेच आज चळवळीचे काम आहे.

जय भीम!